भाऊबीजेला आडवं न पडता दिवाळी कशी काढायची

दसरा झाला की प्रत्येक घरात एक माणूस असा असतो ज्याच्या डोक्यात सगळी यादी फिरत असते. भाजणी दळून आणायची, पडदे धुवायला टाकायचे, कंदिलाची वायर गेलीये, वॉचमनची पोस्त, नणंदेची साडी, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात. बाकीचे अधूनमधून येऊन विचारतात "सांग ना काय करू" आणि तेवढं विचारलं की त्यांचं काम झालं. हे त्या यादीवाल्या माणसासाठी लिहितेय. बहुतेक घरात ती बाईच असते, पण आमच्या सोसायटीत दोन काका पण आहेत असे, त्यांनी पण वाचावं.

पहिलं काम म्हणजे ती यादी डोक्यातून कागदावर काढा आणि फ्रिजवर चिकटवा. आणि मग कामं वाटू नका, खाती वाटा, मंत्रिमंडळात वाटतात तशी. म्हणजे "अरे जरा लाईटची माळ लाव" असं नाही, तर कंदील आणि लायटिंग हे पूर्ण खातं मुलाचं: जुन्या माळा तपासायच्या, जळालेल्या टाकून नवीन आणायच्या, स्टुलावर चढून लावायच्या आणि तुळशीचं लग्न झालं की उतरवून नीट गुंडाळून माळ्यावर टाकायच्या, सगळं त्यानेच लक्षात ठेवायचं. तो विसरला तर विसरला, एखाद्या दिवशी गॅलरीत अंधार राहील. कारण आठवण पण तुम्हीच करून दिलीत तर खातं परत तुमच्याकडेच आलं की. पहिल्या वर्षी जीव फार वरखाली होतो पण गप्प बसायचं.

आता फराळ. आठही प्रकार घरी करायचे दिवस गेलेत, नोकरी करून तर नाहीच. घरातल्यांना विचारा की तुमच्या हातचं असं काय आहे जे नसेल तर दिवाळी वाटणार नाही, उत्तर एक किंवा दोनच पदार्थ येतं. ते घरी करा, बाकीचं बचत गटाच्या बायकांकडून किंवा घरगुती ऑर्डर घेणाऱ्यांकडून घ्या. फक्त ऑर्डर दसऱ्याच्या आसपास द्या, धनत्रयोदशीला फोन केलात तर चिवडा सोडून काही मिळणार नाही.

जे घरी करणार त्याला मात्र माणसं लावा. चकली एकट्याने करायचा पदार्थच नाहीये. एकाने सोऱ्याने पाडायच्या, एकाने तळायच्या, तिसऱ्याने पेपरवर काढून डबे भरायचे. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरते आणि तेव्हा चिडचिड होते ती चकलीवर कमी आणि आपण चार तास ओट्यापाशी उभ्या आहोत यावर जास्त. म्हणून एका दिवशी एकच पदार्थ, तळण सकाळी. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी दोनला आपल्या एवढ्याशा किचनमध्ये कढईसमोर उभं राहण्यात कसलंही पुण्य नाही. शेजारी पाण्याची बाटली ठेवा, पायाखाली जाड पायपुसणं टाका, पाठीला आणि टाचांना खरंच फरक पडतो.

खरेदीचं थोडक्यात. ठाण्यात जांभळी नाका आणि गोखले रोड दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी संध्याकाळी टाळा म्हणजे टाळाच. वीकडेला सकाळी अकराच्या सुमाराला गेलं तर दुकानदार दोन शब्द बोलतो तरी. तेवढी सुट्टी मिळत नसेल तर ऑफिसमधून एक अर्धा दिवस आत्ताच मागून ठेवा.

नातेवाईकांकडे जायचं असेल तर एका दिवशी एकच दिशा. डोंबिवली-कल्याण एक दिवस, ऐरोली-वाशी दुसऱ्या दिवशी. घोडबंदरवरून निघून दोन्हीकडे करू म्हणाल तर अर्धा दिवस माजिवड्यालाच जाईल आणि पोचाल तेव्हा चेहरा असा असेल की यजमान विचारतील बरं नाहीये का. रविवार असेल तर निघायच्या आधी लोकलचा मेगाब्लॉक बघून घ्या. आणि प्रत्येक घरी चहा घ्यायलाच हवा असं काही नाही. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच-सहा तास लागतात, संध्याकाळी चार घरी चार कप झाले की रात्री एक वाजता छताकडे बघत पडायचं. "नुसतं पाणी द्या, आत्ताच घेतला" हे खोटं सणासुदीला चालतं.

झोपेचा हिशोब तसाही बिघडतोच. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठायचं आणि आदल्या रात्री एक वाजेपर्यंत रांगोळी. दोन्ही नाही जमत हो, एक निवडा. रात्री जागायचं असेल तर उटणं लावून सात वाजता अंघोळ केली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. तलावपाळी आणि राम मारुती रोडची दिवाळी पहाट तरुण पोरांना हौस असते, जाऊ दे त्यांना, पण तुम्हाला गर्दीचा आणि डीजेचा त्रास होत असेल तर सगळे जातात म्हणून जाऊ नका. कचराळी तलावाला दोन फेऱ्या मारा आणि घरी येऊन चकली खा.

फेरीची वेळ मात्र बदला. थंडी सुरू होताना पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि वर गरम हवेचं झाकण बसतं, त्यामुळे रात्रीच्या फटाक्यांचा धूर वर न जाता खालीच कोंडून राहतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचा वॉक म्हणजे तोच धूर ओढायचा, ऊन वर आलं की जा. घरात दमेकरी असेल तर रोजचा इनहेलर सणात चुकवायचा नाही, अटॅकवाला पंप खिशात, आणि संध्याकाळी फटाके सुरू झाले की खिडक्या बंद. बाहेर जायचंच असेल तर नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा, रुमालाने बारीक धूर अडत नाही. आवाजाबद्दल पण सांगते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे, हा नियम २००० सालापासूनचा आहे. आधी सोसायटीच्या ग्रुपवर नीट शब्दात सांगा, नाहीच ऐकलं तर पोलिसांसाठी ११२ आहे.

औषधं धनत्रयोदशीच्या आधी पंधरा दिवसांची भरून ठेवा आणि फॅमिली डॉक्टर कुठले दिवस नाहीत ते विचारून घ्या. शुगरवाल्यांनी एक साधी गोष्ट पाळावी, फराळ हा जेवणाच्या वर नाही, जेवणाच्या जागी मोजायचा. दोन करंज्या आणि लाडू झाला असेल तर दुपारचा भात सोडा. पण "आज गोड खाल्लं म्हणून संध्याकाळी काहीच खात नाही" असलं इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेऊन करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. डोस पण मनाने वाढवायचा नाही.

मग येतात प्रश्न. लग्न कधी, बाळ कधी, पॅकेज किती, अजून भाड्यानेच का. उत्तरं आधी तयार ठेवा म्हणजे तिथे जीभ अडखळत नाही. "काकू, ठरलं की पहिली पत्रिका तुम्हालाच" यावर काकू हसतात आणि विषय संपतो. त्याच काकूंनी परत काढलं तर "काकू, आज हा विषय नको" एवढंच, हसून, आणि पुढे स्पष्टीकरण द्यायचं नाही. स्पष्टीकरण दिलं की त्यातून पुढचा प्रश्न निघतो. घरातलं एक माणूस आपल्या बाजूने ठेवा, नवरा किंवा बहीण, ज्याने डोळ्यांची खूण केली की उठून "चला निघूया, ट्रॅफिक लागेल" म्हणायचं. ठाण्यात हे कारण कुणी खोटं ठरवू शकत नाही.

पैशाचं एकच. पोस्त, ओवाळणी, कामाच्या मावशींचा बोनस हे पैसे पगार झाला त्याच दिवशी कॅश काढून पाकिटात नावं घालून ठेवा. यूपीआयने देत सुटलं की किती गेले ते कळत नाही आणि मग क्रेडिट कार्डावर जातं, डिसेंबरात ते डोक्याला ताप.

आता एका गोष्टीवर थोडं जास्त बोलायचंय. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलंय तिथे आपल्याकडे सण करत नाहीत, फराळ नातेवाईक आणि शेजारी आणून देतात. ही पद्धत फार शहाणपणाची आहे, पण नुसता डबा दारात देऊन निघू नका, बसा दहा मिनिटं, गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक नाव टाळतात, त्यांना वाटतं रडू येईल. येऊ दे की. आणि तुमच्याच घरी तसं असेल तर कुणी कितीही म्हटलं "मुलांसाठी तरी कर" तरी तुम्हाला झेपेल तेवढंच. दारात एक पणती लावली तरी चालेल, काहीच नको वाटलं तरी चालेल.

तसंच मुलं परदेशात असलेले आईबाबा, किंवा ऐरोली-महापेला दिवाळीच्या रात्री शिफ्ट करणारी, पीजीत राहणारी मुलं. इथली संध्याकाळ म्हणजे अमेरिकेतली सकाळ, मुलगा ऑफिसच्या घाईत असतो, म्हणून व्हिडिओ कॉलची वेळ आदल्या आठवड्यातच पक्की करा, नाहीतर पूजा सोडून फोनकडे बघत बसणं होतं. शेजारच्या पीजीतल्या पोराला एकदा जेवायला बोलवा.

हे सगळं करूनही उदास वाटत राहिलं, म्हणजे दोन आठवडे जवळपास रोजच, झोप-भूक गेली, कशातच मन लागेना, तर त्याला सणाचा थकवा म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी पण असते, तिथे गेलं म्हणजे वेड लागलं असं काही नसतं. स्वतःला काही करून घ्यायचे विचार येत असतील तर थांबू नका, त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या एकाला सांगा.

आणि रजा टाकताना भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची पण टाका. त्या दिवशी पाहुणे नाहीत, भांडी नाहीत, जेवायला पिठलं-भात. कारण चार दिवस तळलेलं खाऊन त्या पिठल्याला जी चव येते ती अनारशाला पण नसते. उरलेला चिवडा डब्यात भरून ऑफिसच्या बॅगेत टाका, तिथे अर्ध्या तासात संपतो.