पान उलटलं तरी आजी तीच राहायला हवी: एआय चित्रांत पात्रं आणि जागा सारख्या कशा ठेवाव्यात

समजा, बारा पानांची चित्रगोष्ट करायची आहे. पात्रं दोनच: कोकणातली आजी आणि तिचा सात वर्षांचा नातू. पहिलं चित्र झकास येतं. दुसऱ्यात आजीचं नाक बदलतं, तिसऱ्यात नऊवारीची सहावारी होते, चौथ्यात नातवाच्या शर्टाचा रंग आजीच्या पदरावर चढतो. चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलच्या लेखी यात चूक काहीच नसते. ‘म्हातारी मराठी बाई’ एवढंच सांगितलं, तर त्यात बसणारा कुठलाही चेहरा त्याला चालतो. मागच्या पानावर कोण होतं याची नोंद आपणच ठेवायची आणि दर वेळी त्याच्यापुढे मांडायची.

सुरुवात लेखी वर्णनापासून करा. ते एकदा पक्कं झालं की प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या लेखी सूचनेत, जसंच्या तसं चिकटवायचं, आठवून पुन्हा लिहायचं नाही. उदाहरणार्थ: ‘वय ६८, उभट चेहरा, वर आलेली गालफडं, पांढऱ्या केसांचा अंबाडा, कपाळावर गोंदण, डाव्या नाकपुडीत खड्याची चमकी, गर्द हिरवी नऊवारी, तपकिरी काठ.’ ‘प्रेमळ’, ‘सोज्वळ’ अशी विशेषणं इथे घालू नका; त्यांनी चेहऱ्याची ठेवणच बदलते. भाव त्या त्या पानाच्या प्रॉम्प्टमध्ये सांगा. कापड शक्यतो एकरंगी घ्या, कारण चौकडी आणि बुट्टे दर चित्रात वेगळे उमटतात. दोन पात्रांचे रंगही एकमेकांपासून लांबचे हवेत: आजी हिरवी, तर नातू पिवळा. स्टेबल डिफ्युजन या चित्रमॉडेलच्या जुन्या आवृत्त्यांमधला क्लिप, म्हणजे प्रॉम्प्ट वाचणारा भाग, एका वेळी ७७ टोकनच (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) वाचतो, म्हणून पात्राची ओळख आधी लिहा आणि हवापाणी नंतर.

मग संदर्भचित्रं. साध्या करड्या पार्श्वभूमीवर, सपाट उजेडात समोरून वीस-तीस चेहरे काढा आणि त्यातला एकच निवडा. त्याच्यावरून पाऊण वळलेला, बाजूचा, पाठमोरा आणि पूर्ण उभा असे बाकीचे काढा. एकाच चित्रात पाच आकृत्या मागायचा मोह होतो, पण १०२४ पिक्सेलच्या चौकटीत पाच जणी उभ्या केल्या तर प्रत्येकीच्या चेहऱ्याला जेमतेम शंभर पिक्सेल मिळतात. तेवढ्यात चमकी दिसत नाही आणि पुढच्या चित्रात मॉडेल ती अंदाजाने कुठेही बसवतं. प्रत्येक कोन स्वतंत्र चित्रात घ्या.

नऊवारीला वेगळा वेळ द्यावाच लागतो. नुसतं नाव सांगून भागत नाही. कासोट्याचं कधी धोतर होतं, कधी सलवार. ‘कापड पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेलं, पोटऱ्या उघड्या, पदर डाव्या खांद्यावर’ असं सविस्तर लिहा. सोबत नेसणीचा खरा फोटो द्या आणि तो फक्त कपड्यासाठी आहे, चेहरा दुसऱ्या चित्रातला घ्यायचा, हेही स्पष्ट सांगा. फोटो घरातल्या कुणाचा असेल तर त्यांना विचारूनच वापरा.

आता साधनं. जेमिनी आणि चॅटजीपीटीमध्ये मराठीतही काम होतं. नव्या चॅटमध्ये संदर्भचित्र पुन्हा चढवा, काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं हे दोन्ही लिहा. बदललेल्या चित्रावरच पुढचा बदल करत गेलात, तर काही फेऱ्यांनी चेहरा गुळगुळीत होतो आणि रंग सरकतात. म्हणून प्रत्येक पान मूळ संदर्भापासून सुरू करा.

मिडजर्नी या चित्रसाधनाच्या सातव्या आवृत्तीत संदर्भचित्र देण्यासाठी ओमनी रेफरन्स ही सोय आहे. त्याचं वजन, म्हणजे संदर्भाला किती घट्ट धरायचं तो आकडा, १ ते १००० आणि न सांगितल्यास १००. कपडे घट्ट धरून ठेवायचे तर ३०० च्या आसपास न्या. फोटोवरून जलरंगी चित्र हवं असेल तर २५-५० वर आणा, नाहीतर फोटोपणा जात नाही. चित्रशैलीसाठी स्टाइल रेफरन्स वेगळा द्या.

स्वतःच्या संगणकावर स्टेबल डिफ्युजन किंवा फ्लक्ससारखं मॉडेल चालवत असाल आणि पात्र पुष्कळ पानांवर येणार असेल, तर लोरा, म्हणजे त्या पात्राची ओळख शिकलेली, मॉडेलला जोडायची छोटी फाइल, शिकवणं सगळ्यात भरवशाचं. १५ ते ३० चित्रं पुरतात, पण कोन, उजेड आणि मागचं दृश्य वेगवेगळं हवं. सगळी चित्रं अंगणातली असली तर लोरा आजीबरोबर अंगणही शिकतो आणि स्वयंपाकघरातही तुळस उगवते. शिकवायला दिलेल्या प्रत्येक चित्राच्या वर्णनात बदलू द्यायच्या गोष्टी लिहा. कायमच्या गोष्टी लिहू नका, त्या हाकेच्या शब्दाला, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये त्या पात्राला बोलावायच्या शब्दाला, आपोआप चिकटतात. तो शब्द कोणत्याच भाषेत नसलेला ठेवा. वापरताना लोराचा जोर ०.७ ते ०.९ ठेवा, १ च्या वर चित्र करपल्यासारखं दिसू लागतं.

सीडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. सीड हा चित्र काढताना वापरला जाणारा एक आकडा. तो पात्राचा ओळखक्रमांक नव्हे, ज्या विस्कळीत ठिपक्यांपासून चित्र सुरू होतं ते फक्त तो ठरवतो. प्रॉम्प्टमध्ये ‘बसलेली’ऐवजी ‘धावणारी’ केलंत की तोच सीड असूनही दुसरीच बाई येऊ शकते. एकाच चित्रातला छोटा फरक तपासायला तो उपयोगी, एवढंच.

जागा आधी माणसांशिवाय काढा. ‘भारतीय खेड्यातलं घर’ म्हटलं की बहुतेक वेळा गवताने शाकारलेली मातीची झोपडी येते. त्याऐवजी जांभ्या चिऱ्याच्या भिंती, उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर, पुढे पडवी, खळ्यात (घरापुढच्या अंगणात) डाव्या हाताला तुळशीवृंदावन असं नेमकं लिहा. कागदावर घराचा नकाशा काढून ठेवा, उजेड कोणत्या बाजूने येतो तेही मांडा. उलट्या बाजूने, म्हणजे पडवीतून खळ्याकडे पाहणारं दृश्य हवं असेल तिथे मॉडेल डावं-उजवं हमखास चुकतं. ब्लेंडर या त्रिमितीय प्रोग्रॅममध्ये साध्या ठोकळ्यांचं घर उभं करून त्याचा डेप्थ मॅप (काय जवळ, काय लांब हे दाखवणारं चित्र) कंट्रोलनेटला, म्हणजे मॉडेलला दिलेल्या रचनेत बांधून ठेवणाऱ्या जोडणीला, दिला की भिंती जागच्या हलत नाहीत.

मग रिकाम्या दृश्यात एक पात्र बसवा आणि दुसरं इनपेंटिंगने, म्हणजे चित्राचा निवडलेला भागच नव्याने काढून घेऊन, नंतर घाला. दोघांना एका दमात मागितलं की रंग आणि वयं एकमेकांत मिसळतात.

तोंड दुसरीकडे वळवायला चित्र आरशासारखं उलटं करू नका. पदर उजव्या खांद्यावर जातो, चमकी दुसऱ्या नाकपुडीत, तुळस भलत्याच बाजूला. मराठी वाचकाला पदर आधी खटकतो. आणि दुकानाची पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ कोरं सोडा. जोडाक्षरं अजूनही बिघडू शकतात. मजकूर नंतर इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये मुक्ता किंवा बलू टाईपात घाला.

शेवटी बाराही पानं लहान करून एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवा. एकेक चित्र पाहताना न दिसणारे फरक इथे उघडे पडतात, विशेषतः उंचीचे. सात वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण आजीच्या खांद्याशी यायला हवं. मॉडेल त्याला एका पानावर कमरेएवढा करतं, तर दुसऱ्यावर हनुवटीपर्यंत नेतं. अशा वेळी पूर्ण चित्र नव्याने मागू नका. गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फक्त नातू कापून योग्य आकाराचा करा, जमिनीवर टेकवा आणि पाय व सावलीपुरतंच इनपेंटिंग करा.