धुलाईच्या कोनाड्याला दार निवडताना

जुळे सोलापुरातल्या किंवा होटगी रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात वॉशिंग मशीन मावेल एवढा कोनाडा पुष्कळदा असतो. पेठांमधल्या जुन्या घरांत हेच काम वापरातून गेलेल्या मोरीकडे येते. ही जागा दाराआड करायची म्हटले की आपण मिस्त्रीला शेजारच्या कपाटाचाच सनमायका दाखवतो आणि दार ठरले असे समजतो. मात्र कपाटाचे दार दिवसभर बंद असते, तर धुलाईचे दार तासन्‌तास उघडे ठेवावे लागते. मशीन चालू असताना आणि धुणे काढल्यावर ड्रम व रबर वाळेपर्यंत ते उघडेच हवे. म्हणून उघडलेले दार कुठे उभे राहणार, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

मापे घेताना कोनाड्याची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी आणि त्यांतले सर्वांत लहान माप धरावे. जुन्या भिंती ओळंब्यात नसतात, त्यामुळे वरखाली अर्ध्या इंचाचा फरक सहज निघतो. नेहमीचे फ्रंट लोड मशीन 24 इंच रुंद असते. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडले की 28 इंच होतात आणि बिजागरीने व पल्ल्याच्या जाडीने खाल्लेली जागा धरली, तर चौकटीत 30 इंच तरी हवेत. कोनाडा आत किती खोल हवा हे ठरवताना मशीनच्या मापात मागच्या नळाचे आणि पाइपाचे चार इंच मिळवावेत. टॉप लोड मशीन असेल तर झाकण पूर्ण उघडून उंची मोजावी, कारण वरचे फळकूट त्याला आडवे आले तर दार कितीही चांगले असून उपयोग नाही. फ्रंट लोडमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बहुतेक मशीनचे गोल दार डावीकडे उघडते, आणि मशीन फार आत सरकवलेले असेल तर ते चौकटीला अडते. म्हणून मशीनचा दर्शनी भाग दाराच्या आतल्या बाजूला जवळजवळ टेकेल इतका पुढे असावा.

आता तीन फुटांचा बोळ आणि 30 इंचांची चौकट घेऊ. एकच पल्ला लावला तर तो काटकोनात उघडल्यावर बोळात सहा इंच उरतात, म्हणजे धुणे चालू असेपर्यंत घरातल्या माणसांची वाट बंद होते. पंधरा-पंधरा इंचांचे दोन पल्ले केले तर 21 इंच उरतात, आणि कोनाड्याच्या दोन्ही बाजूंची भिंत मोकळी असेल तर पूर्ण उलटणाऱ्या बिजागऱ्या लावून हेच पल्ले भिंतीला टेकवता येतात. बोळातल्या कोनाड्यासाठी माझी पहिली पसंती यालाच आहे. बाजूची भिंत मोकळी नसेल तर घडीचे दार घ्यावे. ते एका कडेला दुमडून बसते, मात्र चौकटीतले दोनेक इंच घेते, म्हणून चौकट तेवढी जास्त ठेवावी. सरकते दार बोळाची जागा अजिबात घेत नाही, परंतु एका वेळी निम्मीच चौकट उघडते, त्यामुळे एकट्या मशीनच्या कोनाड्याला ते निरुपयोगी ठरते.

सरकत्या दाराचे खरे स्थान वेगळे आहे आणि आपल्या शहरात ते बरेचदा येते. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत असल्याने अनेक घरांत मशीनशेजारी 200 लिटरचा पिंप असतो. पिंपाची रुंदी जवळपास दोन फूट असते, म्हणजे दोन्ही मिळून सव्वाचार ते साडेचार फुटांची चौकट होते, आणि एका वेळी मशीन किंवा पिंप यांपैकी एकच उघडे असले तरी काम भागते. अशा दाराचा भार वरच्या रुळावर असावा. खाली खाचेचा रूळ बसवला तर त्यात पावडर आणि पाणी साचून चाके अडकतात. दुरुस्तीसाठी मशीन बाहेर काढता यावे म्हणून पल्ले वरून उचलून काढता येतील अशीच जोडणी मागावी.

पिंपाचा विषय निघाला म्हणून लाकडाचे बोलू. सोलापूरची हवा कोरडी आहे, त्यामुळे इथे ओलीची काळजी कशाला, असे आम्हांलाही वाटले होते आणि आम्ही एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे, दार लावले. पाण्याच्या दिवशी मशीन सलग तीन-चार वेळा चालते, चादरी आणि टॉवेल त्याच दिवशी धुतले जातात, कोनाडा दमट होतो, आणि पुढचे दिवस तो कडकडीत वाळतो. या ओल्या-सुक्या फेऱ्यांत आमच्या दाराची खालची कड वर्षभरात फुगली. ‘आयएस 710’ शिक्का असलेले मरीन प्लाय घ्यावे, चारही कडा एज बँडने, म्हणजे कडेवर चिकटवायच्या पट्टीने, बंद कराव्यात, विशेषतः जमिनीकडची, जी कोणी पाहत नाही म्हणून उघडी सोडली जाते. सनमायका पल्ल्याच्या दोन्ही बाजूंना लावावा, नाहीतर उंच पल्ला वाकतो. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची फळी, फुगत नाही आणि त्याला वाळवीही लागत नाही. मशीन पश्चिमेच्या बाल्कनीत असेल तर मात्र एप्रिल-मेचे ऊन थेट पडते, आणि गडद रंगाचे पीव्हीसीचे (प्लास्टिकचे) दार त्यात वाकते. तिथे ॲल्युमिनियमची चौकट बरी.

दमट हवा बाहेर पडण्यासाठी दाराच्या तळाशी आणि माथ्याशी वाट हवी, कारण खालून गार हवा आत आली तरच वरची उबदार, ओली हवा बाहेर जाते. पूर्ण दार पट्ट्यांचे केले तर हवा उत्तम खेळते, पण इथल्या धुळीत प्रत्येक पट्टी पुसत बसावी लागते. त्यामुळे तळाला आणि माथ्याला सहा-सहा इंच पट्ट्या आणि मध्ये सपाट पल्ला, ही विभागणी मला योग्य वाटते. जमिनीपासून दार पाऊण इंच तरी वर असावे. पाणी गळाले तर ते बोळात पसरू नये म्हणून अर्ध्या इंचाची कडप्प्याची पट्टी पुरते. उंच उंबरठा केला तर मशीन बाहेर काढता येत नाही.

बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात, पाच फुटी पल्ल्याला तीन आणि साडेसहा फुटीला चार. दाबून उघडणारे कॅच इथे नकोत, कारण दार चुकून बंद राहिले तर पिळण्याच्या वेळी मशीन थरथरते आणि ते आपोआप उघडते. ओली सोलापुरी चादर दोन्ही हातांत असताना कोपराने ओढता येईल अशी लांब मूठ बसवावी. घरात लहान मूल असेल तर कडी पाच फुटांवर असावी, म्हणजे ते मशीनमध्ये शिरणार नाही. गॅस गिझर मात्र या कोनाड्यात कधीही ठेवू नये, दाराला कितीही पट्ट्या असल्या तरी. बंद जागेत त्यातून साचणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

ऑर्डर देण्यापूर्वी पल्ला कुठपर्यंत फिरेल ती रेषा खडूने जमिनीवर आखावी आणि धुण्याची बादली व टोपली नेहमीच्या जागी ठेवून एक पूर्ण धुणे करून पाहावे. पाय त्या रेषेत सारखा येत असेल तर पल्ल्याची रुंदी किंवा दाराचा प्रकार तेव्हाच बदलावा, कारण एकदा प्लाय कापल्यावर मिस्त्रीच्या हातात फारसे काही राहत नाही.