प्लॅस्टिक मॉडेल किट: जोड, घासकाम आणि फिनिशिंगमधल्या या चुका टाळा

नवख्याचं तयार मॉडेल हातात घेतलं की रंगाआधी जोडाची रेघ डोळ्यांत भरते. किट कितीही महागाचं असो, ही रेघ सगळ्यावर पाणी फिरवते. आणि दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं: घाई.

हमखास घडणारा प्रकार सांगतो. १/७२ स्केलचं, म्हणजे लांबीने खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, मिग-२१. शनिवारी सकाळी धडाचे दोन अर्धे भाग मॉडेल सिमेंटने (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने) जोडले, संध्याकाळी घासून गुळगुळीत केले, रविवारी चांदीरंग मारला. फोटो झकास येतो. दोन आठवड्यांनी बघावं तर पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी खाच. मग दोष रंगाला दिला जातो, पुट्टीला दिला जातो. रंगाचा काही संबंध नसतो. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. मॉडेल सिमेंटमधलं सॉल्व्हंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, पण ते आतून पूर्ण उडून जायला दिवस लागतात. उडता उडता मऊ झालेलं प्लॅस्टिक आक्रसतं. ते आक्रसायच्या आधीच तुम्ही सपाट केलंत, तर नंतर खड्डा पडणारच.

त्यामुळे आधी गोंद न लावता भाग जुळवून बघा, फट कुठे राहते ते पाहा. मग दाट सिमेंट दोन्ही कडांना लावा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि दाबा. जोडावर वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येईल. ती पुसू नका, तीच तुमची पुट्टी. मास्किंग टेपने बांधून किमान ४८ तास ठेवून द्या. संध्याकाळी घासायला घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तेवढ्या वेळात कॉकपिट रंगवा, चाकं साफ करा, पण जोडाला हात लावू नका.

घासायला वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) घ्या, कोरडा नको. ४०० नंबरने कड उतरवा, मग ६००, ८००, १०००. चांदीरंग मारायचा असेल तर २००० पर्यंत जा. मधला नंबर गाळला की आधीचे ओरखडे तसेच राहतात आणि चांदीखाली चमकून दिसतात. सपाट पंखाला कागद आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवून चालतो. गोल धडावर तीच काडी वापरली की सपाट पट्टा पडतो. तिथे कागदाची पट्टी कापून बूट चमकवताना फडकं ओढतात तशी जोडावरून आडवी ओढा. पॅनेल लाइन (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेघा) बुजणार असतील तर घासण्याआधीच सुईने खोल करून ठेवा. शेवटी जोडावर पातळ चांदीरंगाचा एक हात द्या. राहिलेली खाच लगेच दिसते. मार्करने तपासू नका, त्याची शाई वरच्या रंगातून फुटून येते.

दुसरी चूक कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची. पारदर्शक भागाला फेविक्विक किंवा कुठलाही सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद लावला की त्याची वाफ काचेवर पांढरं धुकं धरते. बंद कॉकपिटमध्ये ते आतल्या बाजूला बसतं आणि मग पुसायला वाटच उरत नाही. कॅनॉपी तोडूनच काढावी लागते. इथे साधा पांढरा फेविकॉल टूथपिकच्या टोकाने लावा. वाळला की पारदर्शक होतो, बाहेर आलेला ओल्या इअरबडने निघतो. पकड कमी असते हे खरं, पण कॅनॉपीला भार कुठे पेलायचा असतो!

पातळ सिमेंट लावताना बोट जोडावर नको. ते फटीतून बोटाखाली सरकतं आणि ठसा उमटतो. उमटलाच तर पुसायला जाऊ नका, दोन दिवस वाळू द्या आणि मग घासा.

पार्ट फ्रेममधून पिळून तोडू नका. निपरने (बारीक कापायच्या पकडीने) आधी लांबून कापा, मग जवळून, आणि उरलेलं टोक ब्लेडने.

रंगवलेल्या कडेला सिमेंट धरत नाही. रंग खरवडून मगच जोडा.

ट्यूबमधली पुट्टी एकाच वेळी जाड भरली तर वरून वाळते, आत ओली राहते आणि नंतर खचते. पातळ थर द्या, प्रत्येक थराला एक दिवस.

हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर उघड्या प्लॅस्टिकवर पुसायला कधीच घेऊ नका, पृष्ठभाग विरघळतो. प्रायमर मारण्याआधी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारला की थर दुधाळ होतो. कोरड्या दिवसाची वाट पाहा. दुधाळ झालाच असेल, तर कोरड्या हवेत त्यावर लॅकरच्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला की बहुतेक वेळा थर पुन्हा स्वच्छ होतो.