मिलीग्रॅम, किलो, क्विंटल: वजनाच्या मापांचा हिशोब कसा लावायचा

सगळ्यात आधी हजाराचा पाढा डोक्यात ठेवा. मिलीग्रॅम, ग्रॅम, किलो, टन... एक पायरी वर गेलं की हजाराने भागायचं, खाली आलं की हजाराने गुणायचं, म्हणजे 2.35 किलो = 2350 ग्रॅम, झालं. मधले डेका, हेक्टो वगैरे परीक्षेपुरते, बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. क्विंटल मात्र 100 किलोचा, तो या रांगेत बसत नाही, त्यामुळे समजा कांद्याला 1800 चा भाव ऐकला तर दोन शून्यं उडवा, किलोला 18 रुपये.

आता औषधाची पट्टी घ्या. थायरॉइडच्या गोळीवर 50 एमसीजी असं असतं, ते मायक्रोग्रॅम, मिलीग्रॅम नाही! 1000 मायक्रोग्रॅमचा 1 मिलीग्रॅम होतो, म्हणजे त्या गोळीत औषध फक्त 0.05 मिलीग्रॅम, बाकी सगळी भर. इथे वाचण्यात गफलत झाली तर फरक थेट हजारपट पडतो, म्हणून अक्षरं नीट बघा.

मग किलो म्हणजे नक्की किती हे कोण ठरवतं? फ्रान्समध्ये 1795 ला पाण्यावरून ठरवलं, बर्फ वितळतं त्या तापमानाला एक घन सेंटिमीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. पुढे 1889 पासून पॅरिसजवळ सेव्रला काचेच्या झाकणांखाली ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा 39 मिलिमीटर उंचीचा ठोकळा म्हणजेच किलो, त्याची 57 नंबरची कॉपी आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. गंमत बघा, शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि कॉप्यांमध्ये साधारण 50 मायक्रोग्रॅमचा फरक पडला, पण मूळ ठोकळा चुकला असं म्हणायची सोयच नाही कारण व्याख्येनुसार तो कायम बरोब्बर एक किलोच! शेवटी 20 मे 2019 पासून ठोकळ्याला रिटायर केलं आणि किलो प्लँकच्या स्थिरांकाला, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका कधीही न बदलणाऱ्या आकड्याला बांधला, ज्याची किंमत आता कायमची फिक्स आहे. किबल बॅलन्स नावाच्या यंत्रात विजेच्या करंटने तयार होणारं बल वजनाला तोलून धरतं, आणि करंट-व्होल्टेजच्या मापावरून वस्तुमान काढतात.

घरचा काटा तपासायला मात्र अजून पाणीच बरं. वाटी ठेवून काटा शून्य करा, 10 मिलीच्या सिरिंजने पाच वेळा पाणी टाका, 50 ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा, एखादा ग्रॅम इकडेतिकडे चालतो, पाच-सात ग्रॅम पडले तर आधी सेल बदलून बघा.