आपली ज्ञानेंद्रियं कशी काम करतात, हे घरच्या घरी कसं पडताळून पाहावं

गरम भांड्याला हात लागला की आधी हात मागे येतो आणि मग चटका कळतो. हात मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच सुटलेला असतो. मेंदूपर्यंत बातमी पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे त्वचेने उष्णता टिपणं ही एक घटना आणि ती आपल्याला जाणवणं ही दुसरी. एरवी या दोन्ही इतक्या लगोलग घडतात की एकच वाटतात. खालचे प्रयोग त्यांना सुटं करून दाखवतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आपलं शरीर पुरतं.

तयारी

पाण्यासाठी तीन वाडगी, एक पेपर क्लिप, मोजपट्टी, कागद, पेन, एखादं नाणं आणि मदतीला एक माणूस एवढं जमवा. प्रत्येक प्रयोगाआधी काय जाणवेल याचा अंदाज लिहून ठेवा. ही पायरी गाळू नका. जाणीव अपेक्षेप्रमाणे वाकते, आणि प्रयोग झाल्यावर ‘मला हेच वाटलं होतं’ असं मन सहज म्हणतं.

सुरू करण्याआधी मूळ यंत्रणा समजून घ्या. शरीरात जागोजागी ग्राही असतात, ज्यांना रिसेप्टरही म्हणतात. दाब, उष्णता, प्रकाश, एखादं रसायन यांपैकी एकेका प्रकारच्या उद्दीपनासाठी एकेक ग्राही घडलेला असतो. उद्दीपन पोचलं की ग्राहीच्या पटलावरचा विद्युतदाब बदलतो. हा बदल पुरेसा मोठा असेल, तर चेतातंतूतून आवेग, म्हणजे विजेचे छोटे झटके, निघतात. प्रत्येक आवेग सारख्याच ताकदीचा असतो, मग स्पर्श हलका असो वा जोराचा. फरक पडतो तो एका सेकंदात किती आवेग निघाले यात. 1926 मध्ये एडगर ॲड्रियन आणि इंग्वे झोटरमन या शास्त्रज्ञांनी एकट्या चेतातंतूतले आवेग नोंदवून हे दाखवलं. त्यामुळे मेंदूला पोचतो तो प्रकाश किंवा ऊब नव्हे, फक्त आवेगांची गर्दी. आणि ते कोणत्या तंतूवरून आले यावरून मेंदू अर्थ लावतो.

तीन वाडग्यांचा प्रयोग

एका वाडग्यात गार पाणी घ्या, दुसऱ्यात सहज सोसेल इतकं गरम, साधारण 40 अंश सेल्सिअसचं, आणि मधल्यात कोमट. ज्यांच्या हातांना बधिरपणा आहे किंवा ज्यांना जुना मधुमेह आहे, त्यांनी गरम पाणी आधी दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. आता डावा हात गार पाण्यात आणि उजवा गरम पाण्यात मिनिटभर ठेवा. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला.

डाव्या हाताला ते पाणी ऊन लागेल, उजव्याला गार. पाणी एकच, माणूस एकच, उत्तरं दोन. 1690 मध्ये जॉन लॉक या तत्त्वज्ञानेही याच अनुभवाकडे लक्ष वेधलं होतं, पण कारण कळायला पुढे बराच काळ जावा लागला. त्वचेत गारव्याचे आणि उबेचे ग्राही वेगवेगळे असतात. तापमान काही वेळ स्थिर राहिलं की त्यांचे आवेग मंदावतात आणि तापमान बदललं की पुन्हा उसळतात. तापमापी आकडा सांगतो. त्वचा मुख्यतः फरक सांगते. माझ्या मते हा एक प्रयोग नीट केला तरी अर्धा विषय हाती येतो.

या ग्राहींची एक वेगळी बाजूही पाहा. सुमारे 43 अंशांच्या वर उघडणारी टीआरपीव्ही1 नावाची प्रथिनाची वाहिनी, म्हणजे पेशीच्या पटलातलं एक दार, चेतातंतूंच्या टोकांवर असते. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तिलाच उघडतं. म्हणून तोंडाचं तापमान न वाढताही आग होते. मेंदूच्या दृष्टीने ती बातमी उष्णतेचीच असते. पुदिन्यातलं मेंथॉल गारव्याच्या वाहिनीशी असंच वागतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये पहिली वाहिनी शोधली. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि दाब टिपणाऱ्या पीझो वाहिन्या शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना मिळून मिळालं.

दोन टोकांची परीक्षा

1. पेपर क्लिप उलगडून इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा. दोन्ही टोकं एका पातळीत येऊ द्या आणि त्यांच्यात आधी 5 मिलिमीटर अंतर ठेवा.
2. ज्याची परीक्षा घ्यायची त्याने डोळे मिटावेत. दोन्ही टोकं बोटाच्या पेरावर एकाच क्षणी, अगदी हलकी टेकवा. दाबू नका.
3. मध्येच, क्रम न ठरवता, एकच टोक टेकवा. हे केलं नाही तर समोरचा माणूस नुसता ‘दोन’ म्हणत राहील आणि परीक्षेला अर्थ उरणार नाही.
4. पाचपैकी चार वेळा उत्तर बरोबर आलं तर अंतर कमी करा, नाहीतर वाढवा. ज्या अंतराला दोन टोकं वेगळी कळेनाशी होतात ते लिहून ठेवा.
5. तेच तळहातावर, दंडावर आणि पाठीवर करून पाहा.

बोटाच्या टोकाशी हे अंतर साधारण 2 ते 3 मिलिमीटर निघतं. पाठीवर ते 4 सेंटिमीटरच्या आसपास जातं, आणि एवढ्या अंतरावरची दोन टोकं एकच वाटतात, यावर प्रत्यक्ष अनुभवाशिवाय विश्वास बसत नाही. ही पद्धत जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी 1834 मध्ये मांडली. बोटाच्या टोकाशी स्पर्शाचे ग्राही दाटीने असतात आणि प्रत्येकाकडे त्वचेचा अगदी छोटा तुकडा सोपवलेला असतो. पाठीवर ते विरळ असतात, त्यामुळे एकेका तंतूच्या वाट्याला मोठा इलाखा येतो आणि त्याच्या आत स्पर्श नेमका कुठे झाला हे त्याला सांगता येत नाही. मेंदूच्या स्पर्शकेंद्रातही बोटांना आणि ओठांना भरपूर जागा आहे, अख्ख्या पाठीला मात्र थोडकी.

स्पर्श विरतो कसा, ते पाहा

हात टेबलावर सैल ठेवून मनगटाच्या थोडं वर नाणं ठेवा आणि नजर दुसरीकडे वळवा. थोड्याच वेळात नाण्याची जाणीव जवळजवळ नाहीशी होते. आता मदतनिसाला ते किंचित सरकवायला सांगा. स्पर्श एकदम परत येतो.

याच्या जोडीला आणखी एक करा. डोळे मिटून बोट एखाद्या कापडावर नुसतं टेकवा, हलवू नका, आणि वीण कशी आहे ते सांगायचा प्रयत्न करा. मग बोट कापडावरून फिरवा. पोत हलत्या बोटालाच नीट कळतो.

याचं उत्तर ग्राहींच्या रचनेत आहे. मर्केलचे ग्राही दाब टिकून असेपर्यंत आवेग पाठवत राहतात, फक्त हळूहळू मंदावतात. माइसनरचे ग्राही स्पर्श सुरू होताना आणि संपताना बोलतात. त्वचेत खोलवर असलेले पॅचिनीचे ग्राही तर केवळ कंपनांसाठीच आहेत आणि सेकंदाला 250 च्या आसपासच्या कंपनांना ते सगळ्यात तीव्र प्रतिसाद देतात. त्यांच्या चेतातंतूच्या टोकाभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर असतात. दाब स्थिर राहिला की हे थर तो आपल्यातच जिरवतात आणि आतलं टोक शांत होतं. संशोधकांनी हे थर सोलून पाहिले, तेव्हा उघडं पडलेलं टोक टिकून राहिलेल्या दाबालाही बराच वेळ प्रतिसाद देत राहिलं. म्हणजे विसरण्याची सोय ग्राहीच्या बांधणीतच आहे, आणि ती मोलाची आहे. अंगावरचे कपडे दिवसभर सतत जाणवत राहिले असते, तर त्यांच्यावरून चालणारा किडा कळला नसता.

अंधबिंदू शोधा

कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण 30 सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. नजर ठिपक्याकडे घसरली तर प्रयोग फसतो, म्हणून पहिल्या खेपेला जमलं नाही तरी पुन्हा करा.

दृष्टिपटलावर जिथून चेतातंतूंची जुडी बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात ही जागा शोधली. आता प्रयोगाचा महत्त्वाचा भाग: ठिपक्यामधून आरपार एक आडवी रेघ ओढा आणि पुन्हा पाहा. ठिपका जाईल, पण तिथे भोक दिसणार नाही. रेघ सलग दिसेल. त्या तुकड्याबद्दल कोणत्याही ग्राहीने काहीच कळवलेलं नाही, तरी मेंदूने तो भरून काढला. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या घरात आहेत आणि मेंदूकडे जाणारे तंतू सुमारे दहा लाख. इतकी काटछाट डोळ्यातच होते. आपण पाहतो ते त्यातून पुन्हा उभं केलेलं चित्र असतं.

कागद हलवा, मग डोकं हलवा

छापील पान हातभर अंतरावर धरून सेकंदाला दोनदा या वेगाने डावी-उजवीकडे हलवा आणि वाचा. अक्षरं पुसट होतील. आता पान स्थिर ठेवून तितक्याच वेगाने डोकं हलवा. मजकूर वाचता येईल. मानेचा त्रास किंवा चक्कर असेल तर हा प्रयोग सोडून द्या.

दोन्ही वेळा डोळे आणि पान यांच्यातली हालचाल जवळपास सारखीच होती. पण डोकं हललं की आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव मागे रेंगाळतो, तिथल्या केसपेशींवरचे (हालचाल टिपणाऱ्या ग्राहींवरचे) केसांसारखे तंतू वाकतात आणि काही सहस्रांश सेकंदांत डोळे उलट दिशेला वळवले जातात. चालताना आजूबाजूचं जग हिंदकळत नाही ते यामुळे. इतकं अचूक काम करणाऱ्या या इंद्रियाला पाच ज्ञानेंद्रियांच्या यादीत जागा नाही, याचं मला वाईट वाटतं. स्नायूंमधल्या ताण मोजणाऱ्या ग्राहींचंही तेच. डोळे मिटून तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावा, ते कामाला लागलेले जाणवतील.

चव आणि वास यांसाठी एकच सोपी चाचणी पुरे. नाक चिमटीत धरून एखादं फळ चावा आणि मग नाक सोडा. ‘स्वाद’ म्हणून जे एकदम उमटतं त्याचा मोठा भाग नाकातल्या सुमारे 400 प्रकारच्या ग्राहींकडून येतो. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा अजूनही छापला जातो. तो चुकीचा आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्शासारखी चव) या पाचही चवी रसांकुर, म्हणजे चव टिपणाऱ्या पेशींचे पुंजके, आहेत तिथे सगळीकडे कळतात. कानांवर मात्र मोठ्या आवाजाचे प्रयोग करू नका. प्रत्येक कानातल्या सुमारे 15 हजार केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत.

नोंदींचं काय करावं

डाव्या आणि उजव्या बाजूच्या नोंदी शेजारी शेजारी लिहा. थोडाफार फरक पडणारच; वय, थकवा, त्वचेची जाडी यांनी आकडे हलतात. पण एका बाजूला स्पर्श किंवा गार-गरम सतत कमी कळत असेल, किंवा पावलांना बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेही रुग्णांची पावलं तपासताना डॉक्टर 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आणि 128 हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वापरतात. पहिला दाबाच्या ग्राहींची परीक्षा घेतो, दुसरा कंपनांच्या. शरीराच्या एकाच बाजूला अचानक बधिरपणा आला, तर मात्र कोणताही प्रयोग करत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.