सोपं आणि टिकणारं कार वॅक्स कसं निवडायचं आणि कसं लावायचं

वॅक्सचा डबा हौसेने आणायचा, एका रविवारी अर्ध्या गाडीला लावून दमायचं, आणि मग तो डबा दोन वर्षं कपाटात पडून, हा प्रकार मी स्वतः केलाय त्यामुळे कोणाला हसत नाही. चूक डब्याची नव्हती, निवडीची होती. मी बारा महिने टिकणारं म्हणून सगळ्यात चिवट वॅक्स उचललं होतं, आणि चिवट वॅक्स जाड लागलं की ते पुसताना पण तेवढंच चिवट असतं हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, डब्यावर लिहिलेले महिने बघण्याआधी ते पुसायला किती सोपं आहे ते बघा. जे पुसायला सोपं ते तुम्ही पुन्हा लावाल, आणि पुन्हा लावलेलं चार महिन्यांचं वॅक्स कपाटातल्या बारा महिन्यांच्या वॅक्सपेक्षा कधीही जास्त टिकतं.

आधी वॅक्स काय करतं ते

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा बारीक. चमक त्याचीच आणि ऊन झेलणारा पण मुख्यतः तोच. वॅक्स त्याच्यावर अजून एक पातळ थर चढवतं जो स्वतः झिजतो, पाणी आणि धूळ चिकटू देत नाही आणि पक्ष्याची घाण पडली तर ती खाली उतरायच्या आत पुसायला तुम्हाला थोडा वेळ मिळवून देतं. थोडाच हं. वॅक्स आहे म्हणून ती घाण आठवडाभर उन्हात ठेवली तर डाग पडणारच. आणि ओरखडे वॅक्सने जात नाहीत, फारतर बारीक असतील तर काही दिवस लपतात.

पायरी १: प्रकार ठरवा

दुकानात पन्नास डबे दिसतात पण प्रकार मोजकेच आहेत.

कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. शुद्ध कार्नोबा विटेसारखं कडक असतं, वितळायला ८० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, त्यामुळे डब्यावर '१०० टक्के कार्नोबा' लिहिलं असलं तरी आत तेलं आणि सॉल्व्हंट असतातच, नाहीतर बोट पण रुतलं नसतं. चमक मस्त, विशेषतः काळ्या आणि लाल गाडीवर, पण रोज बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीवर एक-दोन महिने धरून चाला. ज्याला गाडी घासत बसायला आवडतं त्याच्यासाठी छान आहे, तुम्ही हा लेख 'सोपं' शोधत वाचताय म्हणजे बहुतेक तुमच्यासाठी नाही.

सिंथेटिक सीलंट कारखान्यात बनवलेल्या पॉलिमरचं असतं, दुधासारखं पातळ, बाटलीतून येतं. चार ते सहा महिने सहज, लावायला पुसायला सोपं. चमक कार्नोबापेक्षा थोडी काचेसारखी वाटते, काहींना ती आवडत नाही, मला फरक पडत नाही.

मग दोन्हींचं मिश्रण, हायब्रिड. यात कॉलिनाइट ८४५ हे जुनं नाव आहे, बाटलीतलं लिक्विड वॅक्स, टिकतं चांगलं. थंडीत ते बाटलीतच घट्ट होतं, तेव्हा खराब झालं म्हणून फेकू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवायची आणि नीट हलवायची. सॉफ्ट९९ चं फुसो कोट हे डब्यातलं जपानी वॅक्स (फुसो म्हणजे जपानीत फ्लोरिन) बारा महिन्यांचा दावा करतं, हातात शिस्त असेल तर उत्तम, पण पहिल्यांदा वॅक्स लावणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

शेवटचा प्रकार स्प्रे. साधा स्प्रे वॅक्स काही आठवडे, आणि हल्ली सिरॅमिक म्हणून विकले जाणारे सिलिकावाले स्प्रे काही महिने. मारा, पुसा, झालं. फक्त 'सिरॅमिक' शब्द बघून ते वर्षानुवर्षं टिकणारं कोटिंग आहे असं समजू नका, ते प्रकरण वेगळं आहे.

पहिल्यांदा घेत असाल तर माझी शिफारस साधी आहे, एक लिक्विड सीलंट किंवा हायब्रिड वर्षातून दोन-तीनदा, आणि मधल्या धुण्यांनंतर कधीतरी सिलिका स्प्रेचा एक हात. सगळ्या गाडीला लिक्विड २०-३० मिलीच्या वर लागत नाही, त्यामुळे छोटी बाटलीच घ्या.

पायरी २: लेबल वाचा

'क्लीनर वॅक्स' किंवा 'पॉलिश अँड वॅक्स' लिहिलं असेल तर आत बहुतेक घासणारा पदार्थ किंवा मळ काढणारं केमिकल आहे. जुन्या मंदावलेल्या रंगावर एकदा वापरायला ठीक, पण दर दोन महिन्यांनी तेच घासलं तर ज्या क्लिअर कोटला वाचवायला निघालो त्यालाच झिजवत बसलो असं होतं. पॉलिश रंग घासून गुळगुळीत करतं आणि वॅक्स वर थर देतं, दुकानदार पण हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात म्हणून सांगतोय.

मॅट रंगाची गाडी असेल तर नेहमीचं वॅक्स अजिबात नको, ठिकठिकाणी चमकणारे पॅच येतात. आणि एखादा दरवाजा नुकताच रंगवून आणला असेल तर रंगवणाऱ्याला विचारून थांबा, ताज्या रंगाला आतून सुकायला अनेकदा महिना किंवा जास्त लागतो.

पायरी ३: गाडी खरंच स्वच्छ आहे का

टिकाऊपणाचा अर्धा भाग इथेच ठरतो, आणि सगळे इथेच कंटाळतात. गाडी धुऊन कोरडी करा, मग हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रवाळ लागतो, बारीक वाळू चिकटल्यासारखा. तो चिकटलेला लोखंडाचा कण, डांबर, झाडाचा चीक, शाम्पूने जात नाही. त्यासाठी क्ले बार, म्हणजे असे कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओली करून, दाब न देता. क्ले जमिनीवर पडली तर सरळ फेका, धुऊन वापरायचा मोह नको, तिच्यात घुसलेला एक खडा सगळ्या दरवाजावर रेघा ओढेल.

नंतर पुन्हा धुवा, पूर्ण कोरडी करा. वॅक्स मळावर बसलं तर मळाबरोबरच निघून जातं, मग महिनाभरात आपण वॅक्सला शिव्या देतो.

पायरी ४: लावणे

सावलीत, आणि पत्रा गार असताना. बॉनेटला हाताची मागची बाजू लावून बघा, गरम लागलं तर थांबा. काळ्या प्लास्टिकला आणि रबराच्या बीडिंगला आधी मास्किंग टेप लावलीत तर नंतर शिव्या कमी द्याल, खडबडीत प्लास्टिकमध्ये वाळलेलं पांढरं वॅक्स काढणं म्हणजे टूथब्रश घेऊन बसायचं काम.

फोमच्या पॅडवर मटारएवढे तीन-चार थेंब, आणि एका पॅनलला तेवढंच. लावलेलं जेमतेम दिसलं पाहिजे, काचेवर फुंकर मारल्यावर येतं ना तसं धुरकट. पांढरंफटक दिसत असेल तर जास्त झालं. जास्त लावलेलं वॅक्स जास्त टिकत नाही, रंगाला चिकटतो तो पातळ थरच, बाकी सगळं फडक्यात जातं.

माझा तो पहिला रविवार असाच गेला, भर उन्हात आख्ख्या गाडीला लोण्यासारखा थर दिला आणि मग शांतपणे पुसायला घेतलं तर छपरावरचं वाळून सिमेंट झालेलं, संध्याकाळपर्यंत खांदे गेले आणि तरी तिरप्या उजेडात ढगासारखे डाग दिसतच होते. (ते शेवटी त्याच वॅक्सचा ओलसर हात फिरवून लगेच पुसल्यावर निघाले, ताजं वॅक्स जुनं वाळलेलं सोडवतं, ही युक्ती लक्षात ठेवा.)

कधी पुसायचं? बोट एकदा ओढून बघा. रेघ स्वच्छ चमकली तर पुसा, बोटाखाली तेलकट पसरलं तर थांबा. काही वॅक्स लगेच पुसायची असतात तेव्हा बाटलीवरची सूचना एकदा वाचाच. मायक्रोफायबर कापडाची चौपट घडी घाला, एक बाजू भरली की पलटा, आणि शेवटी दुसऱ्या कोरड्या कापडाने हलका हात. स्प्रे असेल तर पॅनलला दोनच फवारे, जास्त मारलं तर इंद्रधनुष्यासारखे पट्टे राहतात.

दुसरा थर काही तासांनी द्यायला हरकत नाही, त्याचा उपयोग पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरायला. पाच-पाच थर देणाऱ्यांना देऊ द्या.

पायरी ५: टिकलंय का ते बघा

दोन वॅक्समध्ये ठरत नसेल तर बॉनेटच्या मधोमध टेपची रेघ मारा, डाव्या बाजूला एक, उजवीकडे दुसरं, आणि दर धुण्याला पाणी ओतून बघा. ताज्या बाजूला थेंब गोल, उंच, मोत्यासारखे उभे राहून घरंगळतात, संपत आलेल्या बाजूला ते चपटे होतात, एकमेकांत मिसळतात आणि शेवटी पाणी नुसतं चादरीसारखं पसरून बसतं. पण घाई नको, कधी कधी थेंब चपटे होण्याचं कारण वर साचलेली धूळ असते, म्हणून शाम्पूने नीट धुवा आणि मग निकाल लावा.

पुसायची कापडं घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, सुती कपड्यांचे बारीक तंतू चिकटतात, आणि फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच. आणि वॅक्स लावलं त्या दिवसाची तारीख मार्करने झाकणावर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी 'अरे आत्ताच तर लावलं होतं' म्हणत आठ महिने निघून जातात.