रॉक फॉस्फेट कोणत्या रानात घालावे आणि कसे

रॉक फॉस्फेटचे, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) असलेल्या खडकाच्या भुकटीचे, पोते विकत घेण्याआधी आपल्या रानाचा सामू (पीएच) माहीत असला पाहिजे, कारण हे खत विरघळून पिकाला मिळते की वर्षानुवर्षे दगडाच्या भुकटीसारखे पडून राहते, हे मुख्यतः मातीच्या आम्लतेवर ठरते. बेळगाव जिल्ह्यात तर हे पहिलेच पाऊल आहे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी आणि जांबोटीच्या बाजूला मुसळधार पावसाने चुना धुऊन गेलेली तांबडी, आम्लधर्मी जमीन आहे. अथणी आणि रायबागकडे गेल्यावर चुनखडीची काळी जमीन लागते. एकाच जिल्ह्यात हे खत एकीकडे खरोखर कामाचे ठरते आणि दुसरीकडे त्यावर घातलेला पैसा मातीत जातो.

म्हणून पिकाची काढणी झाल्यावर शेतातील आठ-दहा ठिकाणची माती वीतभर खोलीतून घेऊन, एकत्र मिसळून, त्यातील अर्धा किलो रयत संपर्क केंद्रामार्फत किंवा कृषी विज्ञान केंद्रात तपासणीसाठी द्यावी. अहवाल बहुधा कन्नडमध्ये मिळतो आणि मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याला तेथे अडखळायला होते, पण तीन शब्द ओळखता आले की काम भागते: ‘रससार’ म्हणजे सामू, ‘सारजनक’ म्हणजे नत्र आणि ‘रंजक’ म्हणजे स्फुरद. रससार ५.५ च्या खाली असेल तर रॉक फॉस्फेट थेट जमिनीत घालावे. तो ६.५ च्या वर असेल तर कच्ची भुकटी घालूच नये. मधल्या जमिनीत ते शेणखतासोबत आणि थोड्या क्षेत्रावर वापरून पाहावे.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढची सगळी काळजी आपोआप कळते. या खडकातील मुख्य खनिज अ‍ॅपेटाइट हे कॅल्शियम आणि स्फुरद यांचे घट्ट संयुग आहे. मातीतील आम्ल ते फोडते, आणि सुटलेले कॅल्शियम पीक किंवा पाऊस काढून नेत राहिला तरच फोडण्याची क्रिया पुढे चालते. काळ्या रानात आम्ल नाही आणि कॅल्शियम आधीच भरपूर आहे, त्यामुळे तेथे खडक जसाच्या तसा राहतो. इंग्लंडमध्ये १८४२ साली जॉन बेनेट लॉज यांनी सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले, तेव्हा हेच काम कारखान्यात गंधकाच्या आम्लाकडून करून घेतले गेले. खानापूरची माती त्यातला थोडा वाटा स्वतः उचलते.

खरेदी करताना पोत्यावरील एकूण स्फुरदाचे प्रमाण वाचावे आणि भुकटी चिमटीत चोळून पाहावी. उदयपूरजवळच्या झामरकोट्रा येथील खडकासह आपल्या देशातील बहुतेक खडक हळूहळू विरघळणारा आहे, म्हणून तो पिठासारखा बारीक दळलेला नसेल तर घेऊ नये. हिशेब सोपा आहे. अहवालात एकरी २० किलो स्फुरद सांगितले असेल आणि पोत्यावर १८ टक्के लिहिलेले असेल, तर सुमारे १११ किलो, म्हणजे ५० किलोची सव्वादोन पोती लागतील. त्यातले सगळे पहिल्या हंगामात मिळणार नाही. बाकीचे पुढच्या पिकांना लागू पडते. ज्या रानात स्फुरद फारच कमी आहे, तेथे पहिल्या वर्षी निम्मा डोस सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यावा, असे माझे मत आहे.

धूळवाफ भातासाठी पहिला वळीव पडून माती ओली झाली की, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, भुकटी सगळीकडे सारखी फेकून कुळवाने चार-सहा इंच खोल मिसळावी. रोप लावणीच्या भातात तर हे आधीच करणे अधिक गरजेचे आहे, कारण पाणी साचल्यावर आम्लधर्मी जमिनीचा सामू वर चढतो आणि खडक विरघळणे मंदावते. ओळीत किंवा बुंध्याशी ढीग करून घालू नये. कण जितक्या अधिक मातीला लागतील तितके बरे. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे आणि भुकटीवर थोडे पाणी शिंपडावे. त्याच हंगामात चुना मात्र टाकू नये. ज्या आम्लतेवर हे खत चालते, तीच चुना मारून टाकतो. काजू, रताळी आणि भुईमुगालाही ही पद्धत चालते. तुरीच्या मुळांतून आम्ले पाझरतात, त्यामुळे तूर असे स्फुरद विशेष चांगले उचलते.

काळ्या रानाच्या शेतकऱ्याने खडक आधी कंपोस्टच्या खड्ड्यात घालावा. उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा, शेण आणि साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) यांचे थर देताना दर १०० किलो कोरड्या काडीकचऱ्यामागे साधारण १२ किलो भुकटी पसरावी. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, इतपत ओल ठेवावी. महिन्याने ढीग उलटावा आणि उष्णता उतरल्यावर स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, मिसळावेत. राख घालू नये. तीन-चार महिन्यांत खत तयार होते, मात्र त्यात खडकाचा एक भागच विरघळलेला असतो, तेव्हा उभ्या पिकाचे सुपर फॉस्फेट एकदम बंद करू नये.

आम्लाशिवाय खडक वापरला तर कारखान्यातील फॉस्फोजिप्सम या टाकाऊ पदार्थाचा ढीग टळतो, कारण फॉस्फोरिक आम्लातील दर टन स्फुरदामागे सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम उरते. तरी खडकात फ्लोरिन, आणि कमीअधिक कॅडमियम व युरेनियमही असते. गरजेपेक्षा जास्त घालायचे नाही, याचे हे एक कारण. दुसरे कारण पाण्याचे आहे. कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या उतारावर मातीबरोबर स्फुरद वाहून गेले की खालच्या तळ्यांत आणि जलाशयात शेवाळ माजते. बांध दुरुस्त करावेत, ओढ्याच्या काठी गवताची पट्टी राखावी आणि मुसळधार पावसाच्या तोंडावर भुकटी पसरू नये.

जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या जागेसारख्या ठिकाणी शिसे मातीत उतरलेले असते. तेथे फॉस्फेट शिशाशी मिळून पायरोमॉर्फाइट हे फारच कमी विरघळणारे खनिज बनवते, त्यामुळे शिसे पाण्यात आणि मुळांत जाणे घटते. ते मातीतून निघून जात नाही, म्हणून तिथे पालेभाजी लावू नये आणि मुलांना खेळू देऊ नये. असा उपाय तपासणीनंतरच करावा. मातीत आर्सेनिक असेल तर फॉस्फेट त्याला मातीच्या कणांवरून सुटे करते आणि धोका उलट वाढतो.

दोन वर्षांनी माती पुन्हा तपासताना, रॉक फॉस्फेट घातल्याचे प्रयोगशाळेत सांगून ठेवावे, कारण तीव्र आम्ल वापरणारी तपासणीची पद्धत न विरघळलेला खडकही काही अंशी विरघळवून स्फुरदाचा आकडा फुगवते. म्हणून पहिल्याच वर्षी दोन वाफे या खताविना ठेवावेत आणि त्यांतील भाताचे फुटवे शेजारच्या वाफ्यांशी ताडून पाहावेत.